वाऱ्यापुढे वाकणारे पंख

टाफिका न्यासुलू विमानांचे पंख आखायचा. वाऱ्यापुढे पंख किती वाकू द्यायचा, कुठे तो ताठ हवा, याच विचारात फ्रान्समधल्या एका कारखान्यात त्याची उमेदीची वर्षं गेली. काम जीव की प्राण. तरी संध्याकाळ झाली की सरोवराकाठच्या आपल्या गावी, न्खाता बेच्या किनाऱ्यावर, वाळत घातलेल्या उसिपा मासळीचा वास आठवायचा.

आई गेली म्हणून तो गावी आला, थोड्या दिवसांसाठी. मातीच्या दुसऱ्या दिवशी आत्याबरोबर बाजारात निघाला, तर बाजाराच्या फाटकावर सत्ताधारी पक्षाच्या तरुणांनी आत्याला अडवलं.

"म्हातारे, पक्षाचं कार्ड?"

"घरी राहिलं रे. काल वहिनीला माती दिली, भान कुठलं?"

"कार्ड नाही, तर बाजार नाही."

आत्या मुकाट्याने वळली. त्या पोरांपेक्षाही तिचं ते सवयीनं वळणं टाफिकाला झोंबलं.

"आत्या, तू काहीच बोलली नाहीस?"

"तू तिकडे आभाळात होतास, बाबा. इथे बोलणारे कुठे गेले, ते आम्हाला ठाऊक आहे."

तो परत गेला नाही. उपड्या होड्यांच्या आडोशाला कोळ्यांना जमवून सांगू लागला, की देशात एकच पक्ष का म्हणून? आपल्याला मत का नाही? वर्षाच्या आत त्याला उचललं. तुरुंगात दात गेले, एका कानाने कमी ऐकू येऊ लागलं. पण शेवटी मतदान झालं, जुने लोक गेले, आणि तो सुटून आला तेव्हा बायकांनी आनंदाने ओरडून किनारा दणाणून सोडला.

पुढच्याच वर्षी बाजाराच्या फाटकावर नव्या पक्षाच्या रंगाचे शर्ट घातलेली पोरं कार्ड मागत उभी राहिली. टाफिका पुन्हा सभा घेऊ लागला.

सभेत तो बोलत असताना बेटांकडे जाणारं छोटं विमान डोक्यावरून गेलं, की तो थांबायचा. चांगला कान वर करून ऐकत राहायचा. टोमॅटोवाली टेम्वा खालून हाक मारायची, "दादा, गेलं ते! या आता खाली!" सगळे हसायचे. तोही हसायचा, पण पुढचं वाक्य शोधायला त्याला वेळ लागायचा.

एकदा जेवताना आत्या म्हणाली, "एवढा जीव तुटतो, तर जा की परत."

"तिथे आता मला कोण ओळखतंय? माझी कामं नवी पोरं करतात."

"मग कान कशाला देतोस?"

"आतोबा सरोवरात मासे धरायला गेले ते आलेच नाहीत, त्याला किती वर्षं झाली, आत्या? तरी होडी किनाऱ्याला लागली की तू दारात येतेसच ना?"

आत्याने न्सिमाचा, मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीचा, आणखी एक गोळा त्याच्या ताटात टाकला, पाल्याच्या भाजीची वाटी पुढे सरकवली.

"खा. गार होतंय."