तिच्या उजव्या बाजूला

जिच्याबद्दल लिहायला बसले आहे ती बाई वाईट असती तर माझी केवढी सोय झाली असती. वाईट माणसाचा राग करता येतो, चार जणींत बसून त्याला नावं ठेवता येतात आणि घरी येऊन गाढ झोपता येतं. हिच्या बाबतीत तसं काहीच करता येईना. मला तिचा हेवा वाटायचा, आणि हेवा करणाऱ्याला झोप कुठली? आज ती हयात नाही, तरी माझं पोटात दुखायचं थांबलेलं नाही. हे मी पश्चात्तापानं लिहीत नाही, हे आधीच सांगून टाकते.

लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. आष्ट्याच्या बाजूला, कृष्णेकाठच्या एका मोठ्या गावात मुलींची शाळा होती आणि तिथं मी मोठ्या बाई होते. मोठ्या म्हणजे काय, सुरुवातीला एकटीच होते. नवरा पलटणीत, समुद्रापलीकडं. माहेर आणि सासर दोन्ही मळ्याची, उसाच्या फडात आणि गुऱ्हाळात वाढलेली मी. त्यामुळं शिकवणं म्हणजे मला शेतीच वाटायची. सरी सरळ हवी, रोपारोपांत अंतर हवं, पाणी सगळ्यांना सारखं आणि तण दिसलं की उपटायचं. मुलींना मी ओळीनं बसवायची. जिला जिथं बसवली तिनं वर्षभर तिथंच बसायचं. बडबड, खोड्या आणि शेजारणीच्या पाटीत डोकावणं हे माझं तण, आणि भांगलणीला छडी होतीच.

माझी एकुलती मुलगी माझ्याच हाताखाली शिकत होती. मास्तरणीची पोर म्हणून पुढं बसवली असं गावानं म्हणू नये, म्हणून तिला मी शेवटच्या ओळीत, उजव्या भिंतीच्या कडेला बसवलं होतं. गावात माझ्या या न्यायाचं कौतुक व्हायचं आणि मला ते आवडायचं. पोरगी मात्र दिवसेंदिवस मठ्ठ होत चालली होती. शुद्धलेखन घातलं की तिची नजर शेजारच्या सोनाराच्या मुलीच्या पाटीवर. मी छडी दिली. तरी बघतेच म्हणून सोनाराच्या मुलीला उठवून दुसरीकडं नेलं. मग ती कोरी पाटी मांडीवर घेऊन माझ्या तोंडाकडं बघत बसायची. माझ्या पोटी अशी पोर कशी निपजली, हे मला कोडं होतं.

मुली वाढल्या तशी स्कूल बोर्डानं दुसरी बाई पाठवली. साताऱ्याला जिथं मी ट्रेनिंग केलं तिथूनच ती शिकून आली होती. पण ती पूर्वेकडच्या कोरड्या मुलखातली, मेंढरं राखणाऱ्या घरातली. लहानपणी बापाच्या कळपामागं वर्षातले आठ महिने रानोमाळ हिंडलेली, मग कुणाच्या तरी दयेनं वसतिगृहात राहून शिकलेली. काळी, उंच, आणि चालताना पाय असे टाकायची की अजून पाच कोस जायचंय. तिला पाहून मी मनात म्हटलं, उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ पाहिले, आता ही शेळ्यांमागून शाळा हाकणार. या विनोदावर मी स्वतःच हसले होते.

तिसरीचा वर्ग तिला दिला, म्हणजे माझी मुलगीही तिच्याकडं गेली. खरं सांगायचं तर ब्याद टळली असंच मला वाटलं.

दोन वर्गांमध्ये नुसती बांबूच्या तट्ट्याची भिंत होती. पलीकडचं सगळं ऐकू यायचं आणि फटीतून थोडं दिसायचंही. दिसलं ते भयंकर होतं. तिनं मुलींना ओळी केल्याच नाहीत. जिला जिथं बसायचं तिथं बसा. कुणी खिडकीत, कुणी दारात, तिघी चौघी घोळक्यानं. आणि ही फळ्याजवळ उभी न राहता पोरींच्या मागून मागून फिरत शिकवायची. हजेरीला नावं पुकारायची नाही. वर्गावर नजर टाकायची आणि आज कोण आलं नाही ते सांगायची. पाठमोऱ्या पोरीला चालीवरून ओळखायची. शनिवारी सगळा घोळका घेऊन माळावर जायची आणि तिथं पाढे म्हणवून घ्यायची. मी ठरवलं, दिवाळीपर्यंत हा वर्ग रानटी होणार.

दिवाळीपर्यंत माझी मुलगी पंधरापर्यंतचे पाढे घडाघडा म्हणायला लागली.

आता आईला आनंद व्हायला हवा. झालाही असेल कुठंतरी, मला आठवत नाही. आठवतो तो अंगाचा तिळपापड. भाकरी थापताना कानावर एकच पालुपद यायचं, बाई असं म्हणाल्या, बाई तसं म्हणाल्या. अगं, बाई मीही आहे, असं ओठांवर यायचं. पोरगी तिच्यासारखा अंबाडा घालायला लागली, तिच्यासारखे लांब पाय टाकायला लागली. गावातल्या दोन आयांनी आमच्या पोरींना नव्या बाईंकडं घाला म्हणून मला येऊन सांगितलं, तेही माझ्याच घरचा चहा पिऊन. सगळं मी गिळलं. मग एका शनिवारी माळावरून येऊन पोरगी चुलीपाशी बसली आणि सहज बोलावं तसं बोलली.

"आई, तू आमच्याकडं बघत न्हाईस. तू ओळीकडं बघतीस."

हे तिचं स्वतःचं बोलणं होतं की शिकवलेलं, मला माहीत नाही. नाकाला मिरच्या झोंबल्या एवढं खरं. सोमवारी मी तिसरीच्या वर्गात गेले आणि मोठ्या बाईच्या अधिकारानं सांगितलं की शाळेत शिस्त पाहिजे, आजपासून ओळी. ती वाद घालेल म्हणून मी तयारीनं गेले होते. तिनं नुसती मान हलवली. मी स्वतः एकेकीचा हात धरून जागा नेमून दिल्या. माझ्या मुलीला अर्थातच शेवटच्या ओळीत, उजव्या भिंतीला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत घरातलं 'बाई म्हणाल्या' बंद झालं. पाढे अडखळायला लागले. पाटी पुन्हा कोरी येऊ लागली. पोरगी जेवताना गप्प, निजताना गप्प. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. उतरली जादू, असं म्हटलं मी मनात. पोर माझी आहे, माझ्यासारखी नाही तर नाही, पण तिच्यासारखीही नको.

एका संध्याकाळी शाळा सुटल्यावर ती माझ्याकडं आली. मी कुलूप लावत होते. शाळेत ती जपून, पुस्तकातलं बोलायची. त्या दिवशी मात्र तिच्या तोंडून सरळ तिच्या गावची भाषा आली.

"आवं मोठ्या बाई, वर्गाच्या ओळी ऱ्हाऊ द्या. पर तुमच्या लेकीला त्या भिंतीपासनं हलवू द्या. तिचा डावा कान बंद हाय."

मी म्हटलं, कुणी सांगितलं? ती म्हणाली, कुणी सांगायला कशाला हवं. तिच्या घरी मेंढराला जागा नेमून देत नाहीत, ते कुठं जाऊन बसतं ते बघतात. ज्याला एका डोळ्यानं दिसत नाही ते कळपाच्या एकाच कडेनं चालतं, चांगला डोळा सोबतीकडं ठेवून. माझी मुलगी पहिल्या दिवसापासून जागा बदलायची, पण बसायची ती नेहमी वर्ग उजव्या हाताला येईल अशी. माळावर चालताना सदा बाईंच्या डाव्या अंगाला. बाईंनी तिला किती वेळा उजवीकडं घेऊन पाहिलं, पोरगी मागून वळसा घालून पुन्हा डावीकडं. आणि भिंतीशी बसवलं की चांगला कान भिंतीला लागतो आणि सगळी शाळा बंद कानाकडं येते.

मला राग आला तो मेंढरू या शब्दाचा. निदान तेव्हा मी तसं मानलं. माझी पोर काय जनावर आहे का, असं मी विचारलं, आणि एवढं ठाऊक होतं तर इतके दिवस तोंड का उघडलं नाही, असंही.

ती खरोखर गोंधळली. "मला वाटलं तुमाला ठावं हाय. आई हायसा तुमी. आन् परवा तिला पुन्ना भिंतीला लावलीसा, तवा कळंना मला, ह्या असं का करत्यात."

ती हे खिजवून बोलली असती तर मी तिचा जन्मभर उद्धार केला असता. ती खिजवत नव्हती.

घरी पोरगी जेवत होती. मी तिच्या डाव्या बाजूला, जरा मागं बसले आणि हळू आवाजात विचारलं, काकवी हवी का. काकवीसाठी ही पोर झोपेतून उठायची. ती भाकरीचा तुकडा मोडत राहिली. मी पुन्हा विचारलं. ती आमटीकडं बघत होती. मग मी उठून उजवीकडं गेले आणि तेवढ्याच हळू आवाजात तेच विचारलं. तिनं लगेच ताटली पुढं केली.

गोवरात तिचा डावा कान फुटला होता, हे मला माहीत होतं. लसणाचं तेल मीच कढवून घातलं होतं. पुढं कान वाहायचा थांबला म्हणून बरा झाला, असं मी धरलं. वाफ्यातलं पाणी दिसेनासं झालं म्हणजे मुरलं, असं आम्ही मळेवाले समजतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. पण त्या रात्री मला अंधाराचं दुःख नव्हतं तेवढं दुसऱ्याच्या कंदिलाचं होतं. मी जन्म दिला, मी दूध पाजलं, आणि ओळखलं कुणी? दिवाळीआधी गावात आलेल्या बाईनं.

सांगलीला कानाचे डॉक्टर होते. पोरगी म्हणाली, बाई येणार असतील तर येते. काय करता, नेलं. लढाईमुळं सर्व्हिस मोटार कोळशावर चालायची, चढ आला की उतारूंनी उतरायचं. तिथंही त्या दोघी हसत हसत पुढं आणि मी पिशवी घेऊन मागं. डॉक्टरांनी कानात बॅटरीनं पाहिलं आणि सांगितलं की डावा पडदा गेलेला आहे, तो आता येत नाही, उजवा सांभाळा. त्यांनी विचारलं, आधी कुणाच्या लक्षात आलं? बाई म्हणाली, आईच्या. हे तिनं का म्हणावं? मला तिची भीक नको होती.

परत मोटारीकडं चालत निघालो. पोरगी मधे, बाई तिच्या उजव्या अंगाला, मी डाव्या. रस्त्यावर हळदीच्या पोत्यांच्या गाड्या चालल्या होत्या आणि त्यांचा खडखडाट. मला पोरीला एक सांगायचं होतं. शुद्धलेखनात तू शेजारणीच्या पाटीत बघायचीस त्याबद्दल मी पुन्हा कधी मारणार नाही, एवढंच. घरापर्यंत धीर निघेना, घरी गेल्यावर माझ्यानं बोलवलं नसतं. मी बोलले. तिला ऐकू गेलं नाही. पुन्हा बोलले, तर बाई काहीतरी सांगत होती तिकडं ती मान वर करून ऐकत होती. रस्त्यात थांबवून, खांदा धरून वळवून सांगावं, तर माझा आवाज फुटला असता.

तेवढ्यात बाई थांबली. वहाणेचा अंगठा तुटला, तुम्ही व्हा पुढं, असं म्हणून ती खाली वाकली.

पोरीच्या उजवीकडची जागा रिकामी झाली. मी वळसा घालून तिथं गेले आणि पोरीला सांगितलं. तिनं ऐकलं आणि माझं बोट धरलं. थोड्या वेळानं मी मागं पाहिलं. बाई चार पावलं सोडून आमच्या मागून येत होती, लांब पाय आखडून घेत, हळू. दोन्ही वहाणा पायांत धड होत्या.

पुढं माझी लेक मोठी झाली, स्वतः शिक्षिका झाली. आजही रस्त्यानं चालताना मी तिच्या उजव्या बाजूला असते आणि ती मला सगळं सांगते. लोक म्हणतात, मायलेकींचं किती गूळपीठ आहे. मी मान हलवते. ती जागा मला माझ्या लेकीनं दिली नव्हती आणि मी मिळवलीही नव्हती. ती दुसऱ्या बाईनं माझ्यासाठी सोडली होती, आणि एवढं मला अजून सहन होत नाही.