मिर्यामचं पान

“सूर मी देतो,” असं म्हणून पाळकसाहेब डोळे मिटायचे, उजवा हात कानाशी न्यायचे, आणि मंडळी खाली चटईकडे बघू लागायची. सूर लागायचा, पण दर रविवारी वेगळा.

आखाडा बाळापूरच्या बाजारामागे त्यांचं पत्र्याचं चर्च होतं. भिंतीपलीकडे आमच्या वर्तमानपत्राची एक खोली. माणूस लाघवी. बांधावरून भांडणारे दोन भाऊ त्यांच्याकडे आले, तर थोरल्याला “बराबर हाय” म्हणायचे, धाकट्यालाही “बराबर हाय”. दोघं चहा पिऊन परत जायचे. असा एखादा माणूस तुमच्याही गावात असेल. त्याला स्वतःला काही लागतं, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

गाण्याचा खरा भार एका बाईंवर होता. निवृत्त अंगणवाडी सेविका. गळा खणखणीत, जीभही. नाताळच्या गाण्यांचा सराव चालू असताना त्या भर मंडळीत म्हणाल्या, “पाळकसाहेब, तुमी प्रार्थना करा. सूर देऊन आमाला काहून तकलीफ देता?”

सगळे हसले. पाळकसाहेब हसले नाहीत, आणि त्या दिवशी “बराबर हाय”ही म्हणाले नाहीत. चर्चच्या पंचांनी ठरवलं, बाई माफी मागेपर्यंत त्यांना गावोगावी गाणी म्हणायला न्यायचं नाही. पाळकसाहेब गप्प राहिले. त्या गप्प राहण्याला सगळ्यांनी होकार मानलं. बाईंनी चर्चलाच येणं सोडलं.

पुढच्या रविवारी नाताळच्या तयारीची बातमी करायला मी मागे चटईवर बसलो होतो. पाळकसाहेबांनी उपदेशाला मिर्यामची गोष्ट घेतली होती. कुणासाठी घेतली होती, ते लहान लेकरांनाही कळत होतं. मिर्याम ही आपल्या लोकांना घेऊन वाळवंटातून निघालेल्या मोशेची थोरली बहीण. तिला गर्व झाला, ती मोशेविरुद्ध बोलली, तिच्या अंगावर कोड उठलं आणि तिला सात दिवस छावणीबाहेर ठेवलं. इथवर आवाज चढत गेला होता. मग मोशेनंच तिच्यासाठी देवाचा धावा केला, हे आलं. आवाज उतरला. ती परत येईपर्यंत सगळ्या लोकांनी मुक्काम हलवला नाही, हे आलं, आणि ते थांबले. तीच ओळ त्यांनी पुन्हा मनातल्या मनात वाचली असावी, ओठ हलत होते. पुस्तक मिटून त्यांनी प्रार्थना उरकली.

नंतर मला म्हणाले, “त्या पानावर मी आजवर मिर्यामलाच बघून राहिलो होतो. थांबलेली माणसं दिसलीच न्हाईत.”

नाताळच्या आठवड्यात गाणी घेऊन शिरड शहापूरला जायचं होतं. दुपारी टेम्पो भरला. पाळकसाहेबांनी ड्रायव्हरकडून किल्ली मागून घेतली आणि चालत बाईंच्या घरी गेले. पंच चिडून मागोमाग. मीही गेलो, बातमीच्या निमित्तानं.

बाई अंगणात शेळीला पाला टाकत होत्या. मागे वळल्या नाहीत.

“माफी मागायला लावता का?”

“न्हाई. मला राग आला होता म्हणून मी गप बसलो. चुकलं माझं. गाडी उभी हाय, तुमी आल्याबिगर हालत न्हाई.”

“मंग राहू द्या उभी.”

“बराबर हाय,” म्हणून ते ओट्यावर बसले. किल्ली खिशात. हळूहळू टेम्पोतली माणसं उतरून अंगणात आली. कुणी पाणी मागितलं, कुणी शेळीचं कौतुक केलं. एका पंचाला बसायला जागा उरली नाही, तेव्हा बाईंनीच आतून पोतं आणून टाकलं. ऊन कलल्यावर त्या शाल घेऊन बाहेर आल्या आणि दाराला कडी घातली.

दोन वर्षांनी पाळकसाहेबांची बदली झाली. नवे पाळक पेटी वाजवतात आणि सुरात गातात. जुन्यांची आठवण निघाली की मला टेम्पो सुटतानाची ती वेळ दिसते. ड्रायव्हरशेजारची मानाची जागा पाळकसाहेबांनी बाईंना देऊ केली. बाई म्हणाल्या, तुमचीच हाय, तुमी बसा. दोघंही हटेनात. शेवटी दोघं मागे पोरांमध्ये दाटीवाटीनं उभी राहिली, आणि शिरड शहापूरपर्यंत ती जागा रिकामी गेली.