सोनं धरायला एक जण

जानेवारीतला शनिवार, सकाळ, मालवण. बोटीत हजर: सिल्लोडच्या थोरल्या नणंदबाई, धाकट्या नणंदबाई, माझी धाकटी जाऊ आणि मी. शिवाय बोटवाला आणि पाण्यात उतरवणारा त्याचा माणूस. पुरुष मंडळी गैरहजर. पाणी थंड असेल म्हणून ते किनाऱ्यावर चहा पीत बसले.

आदल्या दिवशी कोल्हापूरला लग्न होतं. लग्न आटोपून तिथूनच आम्ही मालवणला उतरलो. आमच्या घरात सहलीचं सगळं माझ्याकडं असतं. गाडी, खोल्या, कुणाला खिडकी, कुणाला उलटीची गोळी, सगळं. किनाऱ्यापासून जवळच खडक आहेत, त्यांच्यावर प्रवाळ आहे. तोंडात नळी आणि डोळ्यांवर काच लावून वरून मासे बघायचे, हा कार्यक्रम मीच घातला होता. यादी करताना धाकट्या जावेनं एकच मागणं केलं होतं. "ताई, बाकी कुठं नाय नेलं तरी चालेल. पाण्यात माझा नंबर नक्की धरा." त्यासाठी ती आधीचा उन्हाळाभर गारखेड्याहून सकाळच्या महिलांच्या बॅचला पोहायला जात होती. एवढी तयारी आमच्यात कुणाचीच नव्हती.

अडचण आली ती सोन्याची. लग्नातलं सगळं अंगावर होतं. खोलीची कडी बोटानं निघेल अशी, त्यामुळं तिथं ठेवायचं नाही. ड्रायव्हरकडं द्यायचं नाही. नवऱ्यांकडं तर नाहीच, थोरल्या नणंदबाईंच्या मते ते हरवतात. म्हणून सोनं आमच्याबरोबर समुद्रात आलं. बोट खडकाशी थांबली. मग प्रश्न उभा राहिला, पाण्यात उतरताना ते धरायचं कुणी.

"हिच्याकडं द्या," थोरल्या नणंदबाई जावेकडं बघून म्हणाल्या. "हिच्या अंगावरचं काही काढायचं नाय, घालायचं नाय. हिला सोपं."

दिराचा चितेगावचा वर्कशॉप बंद पडला, तेव्हा जावेचं सोनं त्यात गेलं. गळ्यात काळी पोत तेवढी उरली. हे बोटीतल्या चौघींनाही माहीत होतं.

माझ्याजवळ प्रवासाची कमरेची पिशवी होती, चेनची. गंठण, बांगड्या, पाटल्या, कानातलं, तिघींचं सगळं तिच्यात गेलं. आमच्याकडं नियम आहे, सासूबाईंपासूनचा. सोनं हातोहात फिरवायचं नाही. ज्यानं मोजून घेतलं त्यानंच घरात, कोरड्या हातानं, मोजून परत द्यायचं. जावेनं मोजून घेतलं आणि पिशवी मांडीवर ठेवली.

दोघी नणंदा आधी उतरल्या. थोरल्या शिडीलाच धरून राहिल्या, धाकट्यांनी नाकात पाणी घेतलं. बाहेर आल्यावर म्हणाल्या, काही नाय, हिरवं हिरवं दिसतं. मग जावेनं नळी हातात घेतली आणि पिशवी थोरल्यांपुढं केली.

"मी नाय धरणार. मोजून तू घेतलं."

"मग माझा नंबर?"

"वहिनींना जाऊन येऊ दे."

मी उतरले. खाली पिवळ्या पट्ट्यांचे मासे होते, पावाच्या तुकड्यावर तुटून पडत होते. मी बराच वेळ राहिले. वर आले तेव्हा बोटवाला आभाळाकडं बघत होता. "वारो सुटलो. आता पाणी गढूळ होतला," तो म्हणाला. "कोण ऱ्हवला असात तर लवकर."

"चला, वळवा," थोरल्या म्हणाल्या. "हिचं राहू द्या. टाक्यात पोहणारीला समुद्र कशाला पायजे."

धाकट्या हसल्या. मीही केस पुसत हसले असेन.

जाऊ उठली. तिनं पिशवी कमरेला बांधली, पट्टा ओढून घट्ट केला आणि वरून लाइफ जॅकेट चढवलं. कुणाला काही कळायच्या आत शिडीवरून खाली गेली.

"अगं ए. सोनं काढ आधी."

"हातोहात फिरवायचं नाय ना, वन्सं," ती पाण्यातून म्हणाली, काच डोळ्यांवर ओढली आणि तोंड खाली घातलं.

त्यानंतर नारिंगी जॅकेट आणि वर आलेली नळी, एवढंच दिसत होतं. ती खडकाच्या कडेनं सरकत होती. तो माणूस हात धरायला गेला, तर तिनं हात सोडवून घेतला. बोटीत दोघी नणंदा एकाच बाजूला वाकल्या, बोट कलली, बोटवाला ओरडला.

"बुडली तर?" धाकट्या म्हणाल्या.

"जॅकेट आहे," मी म्हटलं.

"तिचं नाय विचारत मी. पिशवी सुटली तर?" आणि त्या माणसाला हाका मारून म्हणाल्या, "भाऊ, तिला राहू द्या, कमरेला धरा."

ती परत आली तेव्हा शिडीशी थोरल्या उभ्या होत्या. हात त्यांनी पुढं केला, पण तळवा वर. "आधी पिशवी."

"खोलीवर देते. मोजून."

कुणी हात दिला नाही. माणसानं खालून आधार दिला, तेव्हा ती गुडघा घासत वर आली. दात वाजत होते आणि ती हसत होती.

खोलीवर तिनं एकेक डाग काढून मोजून दिला. सगळं बरोबर होतं. थोरल्यांनी ते घेतलं नाही. पातेलं पुढं सरकवलं. "खारं पाणी लागलंय. गोड्या पाण्यानं धू. खड्यांच्या घरांत मीठ बसलं तर सोनार मला विचारील." मग ती मोरीत बसून मऊ ब्रशनं आमच्या बांगड्या आणि गंठणं धूत राहिली. आम्ही बाहेर सुरमई खाल्ली. ती आली तेव्हा भात आणि कढी उरली होती.

"खाली ना, ताई," ती जेवताना मला म्हणाली, "एका खडकाला एवढी भेग होती, आणि आत..."

"कानातल्याची मळसूत्रं धुतलीस का?" थोरल्यांनी विचारलं.

"धुतली."

भेगेत काय होतं ते तिनं पुढं सांगितलं नाही, आणि कुणी विचारलं नाही.

आता दिवाळीनंतर पुन्हा सगळ्यांनी जायचं ठरतंय. दोघी नणंदांनी फोन करून सांगितलं, हिला नको, हिचा भरवसा नाय. मी ठीक म्हटलं आणि खोल्या एकीनं कमी केल्या. परवा जाऊ घरी आली होती. गुलमंडीवरून पोहायचा चष्मा घेतलाय म्हणाली, बॅगेतून काढून दाखवला. "ताई, यंदा कुठं?"

अजून ठरायचंय, म्हटलं.

गाडी सांगून झाली, खोल्या झाल्या, गोळ्या आणायच्या झाल्या. तिला सांगायचं तेवढं माझ्याकडं राहिलंय.