बायसन आत्ताच गेले

शेती करणं बंद केलं की आयर्लंडमध्ये त्याला रिवाइल्डिंग म्हणतात. आमच्या विदर्भात त्याला पडीक म्हणतात आणि भावकी नावं ठेवते. नावन गावाच्या पुढे अशी दोन शेतं पडीक पडली, एक गाईंचं, एक मेंढ्यांचं. मधलं कुंपण निघालं, बाहेरचं उंच झालं, पोलंडहून बायसन आले, कुठून तरी हरणं आणि रानडुकरं आली, आणि गाईंची धार काढायच्या शेडमध्ये तिकीटखिडकी बसली. फाटकावर पाटी लागली, सफारी.

तिथं गाईड हवी होती तेव्हा मी ओंगार नावाच्या उपनगरात घरी बसून होते. नवरा सॉफ्टवेअरमध्ये आणि मी ‘सोबत आलेली’. काम करायची परवानगी होती, काम नव्हतं. जिथं जाईन तिथं आयरिश अनुभव विचारायचे. तीन वर्षं घरात बसल्यावर बाईची काय अवस्था होते ते सांगते. मसाल्याच्या डब्यांवर चिठ्ठ्या लावून झाल्या की ती चिठ्ठ्या बदलायला घेते. मला ती नोकरी हवीच होती.

सफारीच्या मालकिणीने एकच प्रश्न विचारला, “तू वाघांच्या भागातली ना?”

मी हो म्हटलं. वाघ पाहिलास का, असं तिने विचारलं नाही. मीही उगाच माहिती पुरवली नाही.

वाघ आम्हाला कधीच दिसला नाही. बाबा बँकेत होते. दर उन्हाळ्यात आम्हाला उघड्या जीपमध्ये घालून जंगलात न्यायचे. गाईड ओल्या मातीवर बोट ठेवायचा आणि खालच्या आवाजात म्हणायचा, “आत्ताच गेला साहेब. पाच मिनिटं आधी आले असते तर...” माकड खाकरलं तरी आम्ही श्वास रोखायचो. घरी पोचेपर्यंत बाबांच्या तोंडी वाघ जवळजवळ दिसलेला असायचा. शेजारच्या काकूंना सांगताना तर त्याने बाबांकडे वळूनही पाहिलेलं असायचं.

तर मालकिणीने मला एका शनिवारी चाचणी फेरीला बोलावलं. जमलं तर नोकरी पक्की. वर दोन अटी घातल्या. “प्राणी इथं जंगली आहेत. त्यांना खायला घालायचं नाही, हाका मारायच्या नाहीत. आणि डॅडीवर लक्ष ठेव.”

डॅडी म्हणजे तिचे वडील. गाईंचं शेत त्यांचंच. गाई विकल्यावर त्यांच्याकडे एकच काम उरलं होतं, पाहुण्यांना बाकड्यांच्या ट्रॉलीत बसवून ट्रॅक्टरने फिरवायचं. त्यांना बादलीतून बायसनला गाईंची ढेप, म्हणजे पेंड, चारताना लेकीने आधी एकदा पकडलं होतं.

“पुन्हा बादली दिसली की डॅडी घरी बसतील,” ती म्हणाली. “दिसली तर तू मला सांगायचं. खोटं बोलणारं माणूस मला इथं नको.”

म्हणजे गाईड कमी, हेर जास्त. मी मान डोलावली. गरजवंताला अक्कल नसते.

त्या दिवसांत बाबा नागपूरहून आमच्याकडे आले होते. लेकीची पहिली फेरी म्हणून तेही माकडटोपी घालून ट्रॉलीत बसले. बाकीच्या बाकड्यांवर ड्रोहेडा गावच्या नर्सांचा घोळका होता. एकीचं लग्न ठरलेलं, म्हणून सगळ्यांच्या अंगावर गुलाबी पट्टे आणि हातात सकाळपासूनच प्लास्टिकचे ग्लास. मी रानडुकरांची माहिती सांगितली आणि बाबांसाठी मराठीतही सांगितली.

“डुकरं?” बाबा म्हणाले. “आपल्याकडं त डुकरं हाकलाले लोकं रात्रभर मचाणावर बसतात. अन् इथं पाहाले तिकीट काढतात?”

पाऊस लागला आणि सफारीतले सगळे प्राणी गायब झाले. हिरवं गवत, पाऊस आणि नर्सांची गाणी. मग मला एक शेणाचा पो दिसला.

मी हात वर केला. ट्रॅक्टर थांबला. मी खाली उतरले, शेणावर हात धरला आणि आमच्या त्या गाईडच्या आवाजात म्हटलं, “गरम आहे. आत्ताच गेले.”

गाणी बंद झाली. मी झुडपाची मोडलेली फांदी दाखवली. ती कशाने मोडली देव जाणे. मी कान टवकारले, नर्सांनी कान टवकारले. नवरीने तर मैत्रिणीचा हात घट्ट धरला. मला वाटलं, पोरी, नोकरी तुझी.

“ते गेलेबिले नाहीत,” ट्रॅक्टरवरून म्हातारा म्हणाला. “टेकडीमागे बसलेत. पाऊस पडतोय, ते काय वेडे आहेत?” त्याने सीटखालून बादली काढली. मी नको नको म्हणत धावले. “माणसं माझ्या शेतावर येतात,” तो म्हणाला, “आणि त्यांना भेटायला कुणी बाहेर येत नाही. मला लाज वाटते, बाई.”

त्याने बादली खडखडवली आणि हाक घातली. ती गाईंना घालायची हाक होती हे सांगायला कुणी लागलं नाही. टेकडीवरून अख्खा कळप दुडक्या चालीने आला, धारेला उशीर झाल्यासारखा. एकाने माझी बाही कोपरापर्यंत चाटली. म्हातारा ट्रॅक्टरवरून वाकून त्याचं कपाळ खाजवत होता आणि त्याला कुठल्या तरी विकलेल्या गाईच्या नावाने बोलवत होता. मला भरून आलं. लगेच धडकीही भरली. बाबा ट्रॉलीत उभे राहून पाहत होते. इतक्या सफाऱ्यांत पहिल्यांदा त्यांना प्राणी दिसला होता आणि घरी जाऊन वाढवून सांगायला काही उरलं नव्हतं.

परतलो तेव्हा मालकीण शेडच्या दारात उभी होती. बादली म्हाताऱ्याने माझ्या हातात दिली होती. मी ती घाईने माझ्या मागे खाली ठेवली. नर्सा एका सुरात ग्रँड, ग्रँड म्हणत आत गेल्या.

“कळप आला? आपणहून?” तिने माझ्या चिकट बाहीकडे पाहिलं. “बादली होती?”

म्हातारा ट्रॅक्टरच्या चाकाकडे बघत राहिला. खरं बोलले असते तर नोकरी माझी होती आणि तो घरी बसला असता. घरी बसणं काय असतं ते मला कुणी सांगायला नको होतं.

“बादली?” मी म्हटलं. “कुठली बादली?”

आणि बादलीकडे बघायचं नाही म्हणत असतानाच माझी नजर तिकडे गेली. बादली नव्हती. तिच्या जागी बाबा बसले होते. बादली पालथी घालून, तिच्यावर रेनकोट पसरून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून मालकिणीकडे प्रसन्न चेहऱ्याने बघत होते. त्यांच्या बुटांभोवती ढेपेच्या गोळ्या पसरल्या होत्या.

“ग्रँड,” बाबा तिला म्हणाले.

तिने गोळ्यांकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, मग बराच वेळ आपल्या बापाकडे पाहिलं.

“डॅडी, पुढच्या शनिवारी ट्रॅक्टर जरा धुऊन आणा,” ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. “आणि तू लवकर ये. आज जायच्या आधी हे झाडून काढ, गिऱ्हाईकं घसरतील.”

ती आत गेली. बाबा जागचे हलले नाहीत.

“काऊन वं,” त्यांनी हळूच विचारलं, “भेटली का नोकरी?”

“हो बाबा.”

“मंग उठू का आता?”