सगळ्यांनी पाहिलेला गुलाबी फ्रॉक

ठाकुर्लीतली ती दुपार मी अजून विसरलेलो नाही. नियंत्रण कक्षातून निरोप आला : एका सोसायटीत मुलं पळवणारी बाई लोकांनी पकडली आहे, जमाव मारतोय, ताबडतोब पोहोचा. मी तेव्हा डोंबिवलीच्या एका पोलीस ठाण्यात वरिष्ठ निरीक्षक होतो. जीप काढली आणि हाताशी होते तेवढे शिपाई घेऊन निघालो.

गेटपाशी एक बोहारीण रस्त्यावर पडली होती. जुन्या कपड्यांवर भांडी देत फिरणारी. तिची स्टीलची पातेली चेपून इकडेतिकडे पसरली होती, कपाळ फुटलं होतं. सोसायटीतली चार वर्षांची मुलगी जेवणाआधी खाली खेळताना नाहीशी झाली होती, आणि हिनेच पोर ओढत नेऊन बाहेर कोणाच्या तरी हाती दिलं असं सगळे ओरडत होते. मारणारे कोणी गुंड नव्हते. बँकेतले, शाळेतले, डबा घेऊन ऑफिसला जाणारे लोक.

मी शिपायांचं कडं करून तिला जीपमध्ये घातलं. ओढणीने रक्त पुसत तिने पहिला प्रश्न केला, "साहेब, पोरगी मिळाली काय?"

अंगावर एवढा मार पडलेला माणूस आधी स्वतःबद्दल बोलतो. ही मुलीबद्दल विचारत होती. हिने काही केलेलं नाही, असं माझ्या मनाने तिथेच घेतलं. पण मनाचा कौल केस डायरीत लिहिता येत नाही. शिवाय जमावालाही मनाने कौल दिलाच होता की!

अपहरणाचा गुन्हा दाखल केला, बाईला मलमपट्टीसाठी पाठवलं. ठाण्यात साक्षीदार एका बाकावर बसून आपसात बोलत होते. जबाब सुरू झाले. "बाईने मुलीला हात धरून ओढत नेलं. अंगात गुलाबी फ्रॉक होता." दुसऱ्याचं तेच, तिसऱ्याचंही तेच. शब्दसुद्धा बदलत नव्हता. पाठांतर केल्यासारखा जबाब आला की मला शंका येते.

बिनतारीवर वर्णन पाठवायचं म्हणून मुलीच्या आईला विचारलं, "सकाळी काय घातलं होतं तिला?"

"पिवळा फ्रॉक."

"नक्की?"

"साहेब, मीच घातला ना. गुलाबी वाढदिवसाचा होता, तो आता तिला होतसुद्धा नाही."

"मग सगळे गुलाबी का म्हणतात?"

तिने मोबाइल पुढे केला. सोसायटीच्या ग्रुपवर वाढदिवसाचा फोटो होता, खाली लिहिलं होतं, 'गुलाबी फ्रॉक, बोहारणीने नेली.' टाकणारा मुलीचा काका. नवराबायको वेगळे राहत होते, कोर्टाने ताबा आईला दिला होता. नवरा फिरकत नसे. हा दीर मात्र येऊनजाऊन असे, पुतणीला खाऊ आणे. "भावोजींनीच तर त्या बाईला पहिल्यांदा पकडलं," आई म्हणाली.

मी साक्षीदारांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं आणि एकेकाला परत बोलावलं. पहिल्या मजल्यावरची एक नवी सून सासूबरोबर आली होती. आता ती एकटी समोर बसली.

"ताई, दुसरे काय म्हणाले ते सोडा. तुम्ही काय पाहिलंत?"

तिने आधी दार लागलंय ना ते पाहिलं. मग म्हणाली, "सर, मी किचनच्या खिडकीत होते. मुलगी तिच्या काकाच्या खांद्यावर बसून मागच्या गेटने गेली. हसत होती. पिवळ्या फ्रॉकमध्ये."

"मग मघाशी का नाही बोललात?"

"खाली आले तर सगळे गुलाबी म्हणत होते. सासूबाई पण. मला वाटलं, मीच दुसऱ्या दिवसाचं आठवतेय."

काका बाहेर लोकांना धीर देत होता. मी त्याला आत घेतलं. चहा मागवला, आवाज चढवला नाही. भावाची चौकशी केली, घरची केली. मग सहज म्हटलं, "पोर उपाशी असेल हो बिचारी."

"नाही, जेवली असेल," तो म्हणाला आणि तिथेच थांबला.

समोरचा चहा निवत गेला. शेवटी त्याने चेहरा ओंजळीत झाकला. "दादा घेऊन चाललाय तिला. गावी. कल्याणहून संध्याकाळची गाडी आहे. बाईला एवढं मारतील असं नव्हतं वाटलं, साहेब. मी फक्त बोट दाखवलं."

रेल्वे पोलिसांना फोन लावला, आमचं पथक साध्या वेशात कल्याणला धाडलं. गाडी फलाटाला लागण्याआधीच बाप सापडला. मुलगी त्याच्या मांडीवर वडापाव खात होती. फोनवर हवालदार ओरडला, "सर, मिळाली! पिवळाच आहे!" ठाण्यात टाळ्या पडल्या. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्या आवाजाएवढं गोड मी काही ऐकलं नाही. आईने पोरीला असं कवटाळलं की महिला शिपायांनीही डोळे पुसले.

बापावर आणि काकावर कारवाई झाली, मारहाण करणाऱ्यांवरही गुन्हा दाखल झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बोहारणीला घेऊन त्याच सोसायटीत गेलो. सगळ्यांना खाली बोलावलं आणि हिचा काडीमात्र संबंध नव्हता हे मोठ्याने सांगितलं. मुलीची आई पुढे आली, तिने सगळ्यांदेखत त्या बाईच्या पायांना हात लावला. बोहारीण गडबडून मागे सरली. "अगं बाई, पोरगी आली ना घरी? बस झालं," म्हणाली.

सोसायटीचे सेक्रेटरी, भला माणूस, हळूच माझ्याजवळ आले. "साहेब, शपथेवर सांगतो, आम्ही खोटं नाही बोललो. आम्हाला खरंच दिसलं होतं."

त्यांच्यावर माझा विश्वास होता. लबाड साक्षीदार मी पुष्कळ पाहिले, हे तसले नव्हते. एकाने सांगितलं, दुसऱ्याला ते दिसायला लागलं, आणि ज्या सुनेने खरोखर पाहिलं होतं तिला आपल्याच डोळ्यांची लाज वाटली. माझ्या मनाने बाईला निर्दोष ठरवलं ते बरोबर निघालं. पण जबाब वेगवेगळे घेतले नसते तर ते बरोबर असून कुणाच्या उपयोगाचं नव्हतं. पुढे निवृत्त होईपर्यंत माझ्या ठाण्यात साक्षीदारांना कधी एका बाकावर बसू दिलं नाही.

सेक्रेटरी उत्तरासाठी थांबले होते. मी म्हटलं, "सेक्रेटरीसाहेब, तुम्ही त्या वेळी रस्त्याकडे पाहतच नव्हता. तुम्ही एकमेकांकडे पाहत होता."