फिलोमिना मावशीची सुनावणी

माझ्या फिलोमिना मावशीवर अन्याय झाला तो १९९६ साली, गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी. ती नन होती; सकाळी तिला नन्सच्या संस्थेतून काढल्याचं सांगितलं आणि संध्याकाळी त्याच संस्थेच्या चॅपलमध्ये फादरांनी, येशूनं शिष्यांचे धुतले तसे, बारा जणांचे पाय धुतले. गेल्या महिन्यात ती अबुधाबीत वारली. वसईहून आलेल्या पहिल्याच फोनवर एका नातेवाइकानं विचारलं, "तिला पेटीत कुठल्या कपड्यांत ठेवणार? ननचा झगा तर काढून घेतलाय ना?" मी फोन आपटला.

तिचा गुन्हा ऐका. संस्थेनं आदिवासी मुलींचं वसतिगृह विकायला काढलं, तेव्हा ही म्हणाली, आधी मुलींना विचारा. ठरली आज्ञाभंग करणारी! ती रोमकडे दाद मागायला निघाली, तर उत्तर आलं : निर्णयाला खुद्द पोपनी मंजुरी दिली आहे, आता अपील नाही. त्यांनी प्रकरण वाचलं होतं का, देव जाणे. चर्चचा कायदाच सांगतो, पोपचा न्याय कुणीही करायचा नाही. त्यांच्याविरुद्ध बिशपांच्या महासभेकडे गेलात, तर शिक्षा तुम्हालाच. मी चिडून इथल्या, अबुधाबीतल्या, एका वकिलाला गाठलं. तो हसला, "अरे, ते व्हॅटिकन या देशाचे प्रमुखसुद्धा आहेत. कुठलं कोर्ट बोलावणार त्यांना? खलास." म्हणजे धर्माचं दार लावलेलं, आणि राज्याचं दार मुळात बांधलेलंच नाही.

मावशी अबुधाबीत एका शाळेच्या किचनमध्ये कामाला लागली. तेव्हा इथं सुट्टी शुक्रवारची, म्हणून चर्चमधली मोठी प्रार्थना, मिस्सा, तीही शुक्रवारी. मिस्सा सुटली की दुबईतल्या जबल अलीहून आलेली आपली वसईची पोरं तिच्या खोलीत जेवायला जमायची. एकदा अंतोन वेल्डर आपल्या कफीलला, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाला, शिव्या घालत होता. मावशी म्हणाली, "रडतोस काय? लेबर ऑफिसात जा, तक्रार कर."

"आणि मावशी, तुझा कफील कोण गं?"

"रोमला बसलाय. त्याच्यासाठी लेबर ऑफिस नाही बाबा."

सगळे हसले. तीही हसली... मग उठून भांडी घासायला लागली.

इथल्या आमच्या चर्चच्या फादरांनी तिला समजावलं, "फिलोमिना, चर्च म्हणजे कुटुंब. सोडून दे आता." मी तिथंच होतो. म्हटलं, "फादर, कुटुंबात बापाला जाब विचारत नाहीत का?" मावशीनंच मला गप्प केलं. "मला पोपना शिक्षा करायची नाही रे," ती म्हणाली. "समोर बसून कुणीतरी माझं ऐकावं, एवढंच." एवढंच! तेवढंही झालं नाही. तरी मिस्सेत पोपसाठी प्रार्थना आली की तिचा आवाज सगळ्यांत मोठा. मला राग यायचा, अजून येतो.

दरवर्षी गुड फ्रायडेच्या आदल्या गुरुवारी ती पोरांना खाटेवर बसवायची आणि कणीक मळायच्या स्टीलच्या परातीत त्यांचे पाय धुवायची, सिमेंटनं भेगाळलेले. अंतोन लाजून पाय मागे घ्यायचा. "यल्ला, चल, पुढे कर," ती दटावायची, "इथं मोठा कुणी नाही."

ती परात आता माझ्याकडे आहे. कणीक मळायची हिंमत होत नाही. वाचक हो, हळहळ नको. येत्या रविवारी मिस्सा सुटली की तुमच्या फादरांसमोर उभे राहा आणि विचारा : पोपच्या सहीनं अन्याय झाला, तर फिलोमिनानं कुठल्या दारात जायचं? उत्तर मिळेपर्यंत घरी जाऊ नका.