काट्या लावलेली दारं

मी आज जो काही आहे तो अक्कामुळे, माझ्या थोरल्या बहिणीमुळे. आई गेल्यावर तिच्या जागी अक्का वडिलांसोबत ऊसतोडीला उभी राहिली. ती स्वतः चौथीपर्यंत शिकलेली. मला मात्र तिनं तोडीवर नेऊ दिलं नाही. "ह्यो शाळंतच ऱ्हाईल," एवढंच म्हणाली. मी जिंतूरच्या वसतिगृहात राहिलो आणि घरातला पहिला पदवीधर झालो. वडील गेल्यावरही अक्का दरवर्षी दाजींसोबत तोडीला जातेच आहे.

टाळेबंदीत पुण्याच्या खोलीत मी एकटाच होतो. दुकानं बंद, जिन्यावर कुणाच्या पायांचा आवाज नाही. खिचडी शिजवायची, खायची, भांडं घासायचं. पुन्हा असं काही आलं तर आपलं धान्य, आपलं पाणी असलेल्या जागी असावं, हे तेव्हाच मनात बसलं. नंतर साठवलेल्या पैशातून जमीन घ्यायची म्हणून सुट्टी काढून मी परभणी जिल्हा बघत फिरलो.

जिंतूरकडं जमीन उंचावर, पण उन्हाळ्यात विहिरी तळाला जातात. पेडगावजवळचं रान चांगलं होतं, पण विकणाऱ्या भावाभावांत एकमत नव्हतं. सोनपेठकडं, गोदावरीपासून जरा वर, एक गाव मनात भरलं. काळी जमीन, पुराचं पाणी तिथवर येत नाही, विहीर भरलेली. जे जे हवं ते सगळं होतं.

दिवाळी होऊन गेली होती. गल्लीत घरामागून घर बंद. जनावरं आत शिरू नयेत म्हणून दारांना बाभळीच्या काट्या लावलेल्या. सगळे तोडीला गेलेले. एका ओट्यावर म्हातारी बसली होती.

"काय बघायलाव, सायेब?"

"राहायला जागा बघतोय, मावशी."

ती हसली. "समदं गाव बाहीर गेलंय, आन तुमी ऱ्हायला यायलाव? बायकूनं हाकललं का काय?"

"बायकोच नाही."

"मंग तर लयच अवघड हाय."

"विहिरीला पाणी बारमाही असतं ना?"

"लय पाणी हाय. पर मला वढवत न्हाई." तिनं शेजारची रिकामी घागर दाखवली. "पोरगा-सून तोडीला गेलेत. कुणी वाटंनं आलं तर भरून मागते."

मी पोहरा सोडला, घागर भरून तिच्या चुलीशी ठेवली. निघालो तेव्हा ती मागून म्हणाली, "उद्या बी येचाल का?"

एसटीत बसल्यावर तेच कानात राहिलं. पाणी, माती, उंची, मी सगळं पारखलं होतं. पुढं कधीतरी त्या ओट्यावर मीच मला एकटा बसलेला दिसत होतो.

अक्का फोनवर "बरं हाय" म्हणून लगेच ठेवते. म्हणून पत्र लिहिलं आणि ती तोडीला होती त्या कारखान्याकडं निघालेल्या, मजुरांच्या टोळ्या नेणाऱ्या मुकादमाच्या हाती दिलं.

"अक्का,

सोनपेठकडं जमीन पाहिली. पूर येत नाही, विहिरीला पाणी आहे. ज्वारी, तूर, थोडी भाजी, वर्षाचं खाणं घरात राहील. पण एकट्यानं मी ती घेणार नाही. एकटा तर पुण्यातही राहतोच आहे.

ही तोड संपली की तू आणि दाजी इकडंच या. पुढच्या दिवाळीला तोडीसाठी कोयता बांधू नका. शेत तिघांचं. शेजारी एक म्हातारी आहे, तिला रोज घागरभर पाणी द्यावं लागेल.

तुमच्या खोलीचं दार कुठल्या बाजूला काढू? तू कळवशील तेव्हाच मी जमिनीला होकार देईन."